पाण्यांतून आलेलें भय : ‘झोंबिवली’ चित्रपटाचे गुणदोष

पदरचे पैसे मोजून भय विकत घ्यावें, हा व्यवहार आमच्या वडील पिढीला कधींच उमगला नाहीं. तिन्हीसांजा झाल्यावर ज्या घरांत भुताचें नांव काढण्याची मनाई असे, त्याच घरांतील नातवंडें आज दिवाणखान्यांतील दिवे मालवून चालतीं-फिरतीं प्रेतें पाहात बसतात. आजी माजघरांतून येतात, घटकाभर उभ्या राहतात आणि ‘काय हें ओंगळ !’ असें पुटपुटत आंत जातात. त्यांचें म्हणणें सर्वस्वी चूक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्यांत बरें काय आणि वाईट काय, हें पाहिल्यावांचून सगळाच प्रकार टाकाऊ ठरविणें हेंहि न्यायाचें नव्हे.

या दृष्टीनें मराठींतील एका निराळ्या चित्रपटाचा विचार आज करावयाचा आहे. आदित्य सरपोतदार यांनीं दिग्दर्शित केलेला ‘झोंबिवली’ हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. मराठींत या जातीचा हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. आतां तो घरबसल्याहि पाहावयास मिळतो. तेव्हां ‘पाहावा कीं न पाहावा, आणि मुलांना दाखवावा कीं नाहीं’ हा प्रश्न घरोघरीं निघणें साहजिक आहे.

भयाच्या दोन जाती

भय ही कांहीं पाश्चात्यांकडून आलेली चीज नव्हे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आहे, बीभत्स आहे, आणि भयानकाची उत्पत्ति बीभत्सापासून होते असेंहि तेथें म्हटलें आहे. आमच्या लोककथांतून वेताळ, ब्रह्मसमंध, मुंजा, हडळ अशी मोठी मंडळी वावरत आली आहे. याच सरपोतदारांनीं पुढें २०२४ सालीं ‘मुंज्या’ नांवाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच जुन्या ठेव्याच्या आधारानें.

परंतु या घरच्या भुतांना एक मर्यादा असे. तीं ठराविक झाडावर, ठराविक वेळीं, ठराविक माणसाला दिसत. त्यांची कांहीं तरी इच्छा अपुरी राहिलेली असे. ती पुरविली, उतारा टाकला, कीं तीं वाटेला लागत. म्हणजे त्यांच्याशीं बोलणें शक्य असे.

ज्याला सोयीसाठीं आपण ‘विज्ञानभयपट’ म्हणूं, त्यांतील भय या जातीचें नसतें. येथें संकट परलोकांतून येत नाहीं. तें प्रयोगशाळेंतून, कारखान्यांतून, कधीं नळांतून येतें. त्याला उतारा नाहीं आणि तें माणूस पाहून धरीत नाहीं. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. १९३१ सालीं तिच्यावरचा बोलपट निघून जगभर गाजला. त्यांतील विद्वान् आपल्या ज्ञानाच्या जोरावर एक जीव निर्माण करतो, आणि जन्म दिल्यावर त्याची जबाबदारी घेण्याचें टाळतो. अनर्थ घडतो तो या टाळण्यामुळें. पुढील सर्व विज्ञानभयपटांचें मर्म यांत आलें आहे. राक्षसाला भिऊं नये. राक्षस निर्माण करून जो हात झटकतो त्याला भ्यावें.

‘झोंबी’ या शब्दाची कुळकथाहि अशीच बोलकी आहे. तो कॅरिबियन समुद्रांतील हैती बेटावरून आला. तेथें आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवीत. मेल्यावरहि कोणी तरी आपल्याला उठवून पुन्हां कामाला जुंपील, ही त्या लोकांची भीति होती. १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या बोलपटांत अशीं मृत माणसें साखरेच्या गिरणींत मुकाट्यानें राबतांना दाखविलीं आहेत. पुढें १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकानें ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि झोंबीला नवें रूप दिलें : मेलेलीं माणसें उठून जिवंतांना खाऊं लागतात, आणि एका शेतघरांत कोंडलेलीं माणसें बाहेरच्या प्रेतांइतकींच आपसांतल्या भांडणानें मरतात. तेव्हांपासून झोंबीपट हा समाजाच्या भांडणांचा आरसा झाला. ‘झोंबिवली’ची परीक्षा करतांना हा आरसा विसरून चालणार नाहीं.

कथाभाग

कथा थोडक्यांत अशी आहे. सुधीर जोशी हा मध्यमवर्गींतील तरुण इंजिनियर आणि त्याची पत्नी सीमा हीं डोंबिवलीच्या एका उंच इमारतींच्या नव्या संकुलांत राहावयास येतात. सीमेला दिवस गेलेले आहेत. संकुलाशेजारींच जनता नगर नांवाची गरिबांची वस्ती आहे. तेथें पाण्याचे हाल आहेत, आणि विश्वास नांवाचा तडफदार तरुण वस्तीच्या वतीनें झगडतो आहे. अशा वेळीं एक विलक्षण सांथ फैलावते. माणसें भान हरपून दुसऱ्यांना चावूं लागतात, आणि ज्याला चावा बसला तो त्यांच्यांतलाच एक होतो. मग एरवीं एकमेकांकडे संशयानें पाहणारीं दोन्हीकडचीं माणसें जीव वाचविण्यासाठीं एकत्र येतात. पुढें काय होतें तें सांगून ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं त्यांचा रसभंग आम्ही करीत नाहीं.

गुण

पहिला गुण स्थळाच्या निवडींत आहे. परदेशी नमुना पुढें ठेवून चित्रपट काढतांना आमचे लोक बहुधा धुकें, पडका बंगला आणि मेणबत्ती यांची आयात करतात. येथें तसें नाहीं. डोंबिवली हें नोकरदार, वाचनप्रिय, पांढरपेशा मराठी कुटुंबांचें गांव. तेथील माणूस सकाळीं डबा घेऊन लोकलमागें धांवतो आणि रात्रीं हप्त्यांचा हिशेब करतो. अशा गांवांत प्रेतें चालूं लागतात, म्हणूनच तीं खरीं वाटतात. शिवाय शास्त्रीय भयाशीं डोंबिवलीची जुनी ओळख आहे. तेथील कारखान्यांच्या भागांत २०१४ सालीं हिरवट पाऊस पडल्याचें लोकांनीं पाहिलें. फेब्रुवारी २०२० मध्यें रसायनांमुळें रस्ताच गुलाबी झाला आणि त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांना स्वतः पाहणीस यावें लागलें. ज्या गांवांत पाऊस आणि रस्ता यांचे रंग बदलतात, तेथें विज्ञानभयपट काढण्यास कल्पनेला फारसें ताणावें लागत नाहीं.

दुसरा आणि मोठा गुण म्हणजे भयाचें मूळ पाण्याच्या प्रश्नाशीं नेऊन भिडविणें. या एका गोष्टीसाठीं आमच्यासारख्या मावळांत राहणाऱ्या माणसाला हा चित्रपट विशेष जवळचा वाटला, आणि याचें कारण थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

वडिवळें आणि डोंबिवली यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत आहे. पण पाण्याच्या वाटेनें पाहिलें तर हा मुलूख डोंबिवलीला परका नाहीं. वडिवळ्याचें धरण आहे तें नाणे मावळांतील कुंडली नदीवर. तिचें पाणी इंद्रायणीला मिळतें, आणि इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेंत जाते. शेजारच्या खोऱ्यांत, आंदर मावळांत, आंध्रा नदी वाहते. तीहि मूळची इंद्रायणीलाच मिळणारी. पण तिच्यावर ठोकरवाडीला टाटांनीं धरण बांधलें, आणि पूर्वेकडे जाणारें तिचें पाणी डोंगर फोडून पश्चिमेकडे वळविलें. १९२२ सालीं सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजघरांत तें कोसळतें, वीज निर्माण करतें आणि खालीं उल्हास नदीला मिळतें. त्या उल्हास नदीवरच कल्याण-डोंबिवलीची तहान मोठ्या प्रमाणांत भागते. तेव्हां डोंबिवलीच्या घराघरांत जो नळ वाहतो, त्यांत मावळच्या पावसाचा वांटा आहे.

हें पाणी कोणाचें, हा वाद मावळाला नवा नाहीं. शेजारच्या मुळशींत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह उभा राहिला आणि त्यांतून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ झाले. धरण झालेंच, आणि शेतें पाण्याखालीं गेलीं तीं गेलींच. त्यानंतर नव्वद वर्षांनीं, ९ ऑगस्ट २०११ रोजीं, पवना धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळांतील शेतकरी पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर बऊर येथें जमले. पोलिसांनीं गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. धरणाच्या कांठच्या माणसाला वाटतें, शहर आमचें पाणी पितें. शहरांतील वस्तीला वाटतें, उंच इमारत आमचें पाणी पिते. उंच इमारतींतील गृहस्थ म्हणतो, मीं पैसे मोजले आहेत. तिघांच्याहि बोलण्यांत कांहीं सत्य आहे, आणि तिघांनाहि एकमेकांचें तोंड पाहण्याची सवड नाहीं. ‘झोंबिवली’नें बोट ठेवलें आहे तें नेमकें या ठिकाणीं. संकुल आणि जनता नगर यांच्यामधील अंतर सांथ येण्यापूर्वींच पडलेलें आहे. सांथ तें फक्त उघडें करते. ही जाणीव ज्या कथेच्या पायांत आहे ती कथा केवळ किंकाळ्यांचा खेळ म्हणून सोडून देतां येणार नाहीं.

तिसरा गुण कालाचा. चित्रपट २०२१ सालीं यावयाचा होता. कोरोनाच्या सांथीमुळें तो लांबला. त्यामुळें तो आला तेव्हां प्रेक्षकांनीं सांथ म्हणजे काय हें स्वतःच्या घरांत अनुभविलें होतें. मोठमोठ्या संकुलांचीं फाटकें घरकामाला येणाऱ्या बायांना बंद झालेलीं आम्हीं पाहिलीं. भाजीवाल्याला दारापासून दूर उभें केलें गेलें. त्यांतला कांहीं भाग सावधगिरीचा होता, हें खरें. पण रोग जणूं फक्त गरिबाच्याच अंगाला चिकटून येतो, असा जो भाव त्या दिवसांत कित्येक सुशिक्षित घरांत दिसला, तो सावधगिरीचा खास नव्हता. विमानानें प्रवास करून आलेल्या नातेवाइकाला चहा मिळाला आणि शेजारच्या वस्तींतून पायीं येणारी मोलकरीण फाटकावर थांबली. हें आठवून ज्यानें ‘झोंबिवली’ पाहिला त्याला त्यांतील संकुलाची सीमा निराळी दिसली असेल.

अभिनयाच्या बाबतींत, अमेय वाघ यांनीं भित्रा, पापभीरु, पण शेवटीं कंबर कसणारा सुधीर सहजपणें उभा केला आहे. ललित प्रभाकर यांचा विश्वास त्याच्या उलट स्वभावाचा. दोघांच्या संवादांत दोन वस्त्यांचें भांडण ऐकूं येतें. वैदेही परशुरामी यांच्या सीमेमुळें कथेला काळजीची किनार लाभली आहे, कारण पोटांतील जीव कोणत्या जगांत येणार, हा प्रश्न न बोलतां सतत समोर राहतो. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या भांडवलांत रंगभूषा आणि गर्दीचे प्रसंग ज्या नेटानें साधले आहेत, त्याबद्दल तंत्रज्ञांचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

दोष

आतां दुसरी बाजू पाहूं. पहिला दोष शास्त्राचा. ‘कल्पितकथेला शास्त्र कशाला ?’ असें कोणी म्हणेल. परंतु विज्ञानकथेंत एक अशक्य गोष्ट मान्य करून घेतली कीं पुढच्या सर्व गोष्टी नियमानें चालाव्या लागतात. नाहीं तर तिच्यांत आणि जादूच्या गोष्टींत फरक राहात नाहीं. जयंत नारळीकर यांच्या कथांनीं मराठी वाचकाला ही शिस्त १९७४ पासून लावून दिली आहे. त्या सालीं त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनांवानें पाठविली होती.

या कसोटीवर ‘झोंबिवली’ लंगडा पडतो. चाव्यानें पसरणारा आणि माणसाला बेभान करणारा रोग खरोखर आहे. त्याचें नांव रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतून त्याचा विषाणु शरीरांत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे चढतो. परंतु या प्रवासाला बहुधा कित्येक आठवडे लागतात, म्हणून तर तेवढ्या अवधींत लस देऊन माणूस वांचवितां येतो. पडद्यावर मात्र चावा बसल्यावर पाहतां पाहतां माणूस पालटतो. दुसरें असें कीं, ज्या रोगाचें मूळ दूषित पाणी, तो पाणी पिणाऱ्यांत पसरतो, आणि त्याचा नकाशा नळांच्या नकाशाबरहुकूम उमटतो. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीनें माणसें मरत होतीं, तेव्हां जॉन स्नो या डॉक्टरानें मृतांचीं घरें नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखविलें, आणि त्या पंपाचा दांडा काढून घेण्यांत आला. या शोधांत केवढें नाट्य आहे ! ज्या चित्रपटाचा नायक इंजिनियर आहे आणि ज्याचा विषय पाणी आहे, त्यांत अशा शोधाला जेवढा वेळ मिळावयास हवा होता तेवढा मिळत नाहीं. पळापळ फार आणि विचार थोडा, असें होतें.

खरी गोष्ट यापेक्षां किती भयंकर असूं शकते, हें जानेवारी २०२५ मध्यें पुण्यानें पाहिलें. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत एकाएकी हातापायांतील शक्ति गेलेले रुग्ण इस्पितळांत येऊं लागले. तो ‘जीबीएस’ म्हणून ओळखला जाणारा विकार होता. त्यांत शरीराचें रक्षण करणारी शक्तीच आपल्या मज्जातंतूंवर उलटते. दूषित पाणी आणि कँपिलोबॅक्टर नांवाचा जंतु यांच्याशीं या उद्रेकाचा संबंध जोडण्यांत आला. घरांतला धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत पायावर उभा राहूं शकत नाहीं, आणि कारण काय, तर नळाचें किंवा विहिरीचें पेलाभर पाणी ! येथें रंगलेले दांत नाहींत, गुरगुरणें नाहीं. पण ज्यांच्या घरांत तें घडलें त्यांना झोंबीची गरज उरली नाहीं. विज्ञानभयपटानें आपली शक्ति या जागीं शोधावी, असें आम्हांस वाटतें.

दुसरा दोष हास्याच्या अतिरेकाचा. भय आणि हास्य यांचें वैर आहे असें नाहीं. भीति अनावर झाली कीं माणूस हंसतोच. दशावतारांत संकासुर पाहून मुलें भितात आणि लगेच हंसतात. पण हास्य भयाच्या मागून आलें तर तें भयाला खोल करतें; भयाच्या आधींच येऊन बसलें तर भयाला दारांतूनच परत पाठवितें. ‘झोंबिवली’त हें दुसऱ्या प्रकारचें हास्य पुष्कळदां आढळतें. एखादा प्रसंग अंगावर कांटा आणण्याच्या बेतांत असावा, तोंच कोणी तरी विनोदी वाक्य टाकतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. ही सुटका इतक्या स्वस्तांत मिळावयास नको होती.

तिसरा दोष आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. अनर्थाच्या मुळाशीं माणसाचा लोभ आहे हें चित्रपट सांगतो, पण तो लोभ कांहीं ठराविक दुष्टांच्या पदरीं घालून मोकळा होतो. दुष्टाचा नाश झाला कीं प्रेक्षकाला वाटतें, आपण सुटलों. वस्तुतः पाण्याच्या वांटणींतला अन्याय एकट्या दुष्टाचा नसतो. त्यांत बागेला पाणी घालणारा गृहस्थ असतो, गाडी धुणारे आपण असतों, आणि ‘आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे’ असें पाहुण्यांना अभिमानानें सांगणाऱ्या आमच्याच घरच्या मंडळी असतात.

याच ठिकाणीं बोंग जून-हो या दिग्दर्शकाच्या २००६ सालच्या ‘द होस्ट’ या कोरियन चित्रपटाची तुलना उपयोगी पडेल. तोहि विज्ञानभयपट, तोहि पाण्याचा. सोल शहरांतील अमेरिकन लष्करी तळावरचा एक अधिकारी फॉर्मल्डिहाइडच्या बाटल्या मोरींत ओतावयास लावतो. तें विष हान नदींत जातें, आणि कांहीं वर्षांनीं नदींतून एक अक्राळविक्राळ प्राणी बाहेर पडतो. या प्रारंभाला २००० सालच्या एका खऱ्या घटनेचा आधार होता. नदीकांठीं खाण्याचें दुकान चालविणारे एक आजोबा, त्यांचा मंदबुद्धि वाटणारा मुलगा, पदवी घेऊन बेकार हिंडणारा दुसरा मुलगा, धनुर्विद्येंत तरबेज पण वेळेवर हात कचरणारी मुलगी, असें हें कुटुंब. त्यांची लाडकी नात तो प्राणी पळवून नेतो, आणि एरवीं एकमेकांवर खेंकसणारीं हीं माणसें तिच्यासाठीं जिवावर उदार होतात. सरकार मात्र मुळांत नसलेल्या विषाणूची हांकाटी करून त्यांनाच कोंडून ठेवतें.

‘द होस्ट’मध्येंहि विनोद आहे, आणि तो कित्येकदां खुळचटपणाकडे झुकतो, मध्यभागीं कथा रेंगाळते, तोहि दोषच. परंतु तेथें मेलेल्या माणसासाठीं कोणी तरी रडतें. शोकगृहांत सर्व कुटुंब मृतांच्या तसबिरींसमोर गडबडा लोळतें. तें दृश्य हास्यास्पद आहे आणि हृदयद्रावकहि आहे. ‘झोंबिवली’ला, आणि या जातीच्या बहुतेक चित्रपटांना, शोक करावयास सवड नसते. काल जो शेजारी होता तो आज प्रेत झाला, कीं त्याला पुन्हां मारावयाचें आणि पुढें पळावयाचें. आमच्या घरांत माणूस गेला तर दिवस पाळतात, पिंड ठेवतात, कावळा शिवेपर्यंत डोळ्यांत प्राण आणून उभे राहतात. कोरोनाच्या दिवसांत ज्यांना आपल्या माणसाचें तोंडहि पाहतां आलें नाहीं, अस्थि दुसऱ्याच्या हातून घ्याव्या लागल्या, त्यांना मृताचा सन्मान म्हणजे काय हें शिकवावें लागणार नाहीं. सांथीवरच्या कथेंत या दुःखाला जागा नसावी, ही उणीव आम्हांस फार जाणवली.

दार लावावें कीं उघडावें ?

या चित्रपटाच्या निमित्तानें उभा राहणारा खरा प्रश्न झोंबीचा नाहीं, दाराचा आहे. संकट आलें असतां दार कोणासाठीं उघडावयाचें ? ‘ट्रेन टू बुसान’ या २०१६ सालच्या कोरियन चित्रपटांत आगगाडीच्या एका डब्यांतले सुरक्षित प्रवासी, जीव वाचवून आलेल्यांना आंत घेण्यास नकार देतात. तो प्रसंग पाहतांना झोंबींपेक्षां त्या सभ्य पोशाखांतल्या प्रवाशांचीच भीति वाटते.

हा प्रश्न पुण्यानें पूर्वीं एकदां सोडविलेला आहे, दोन्ही प्रकारांनीं. १८९७ सालच्या प्लेगांत घरें ओस पडलीं, माणसें माळावरच्या झोपड्यांत राहावयास गेलीं, सोजिरांच्या झडत्यांनीं लोक गांजले आणि आप्तांनीं आप्तांना टाकल्याच्याहि घटना घडल्या. त्याच प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि तीच शुश्रूषा करतां करतां प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. संसर्गाचें भय त्यांना ठाऊक नव्हतें असें नव्हे. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. भय ठाऊक असून त्यांनीं दार उघडलें. आमच्या समाजांतील किती घरांनीं त्या वेळीं तसें केलें असतें, हा प्रश्न आम्हीं स्वतःला विचारण्यासारखा आहे. ‘झोंबिवली’ शेवटीं संकुल आणि वस्ती यांना एकत्र आणतो, तें संकट दोघांवर आल्यावर. जीव वाचविण्यासाठीं झालेली एकी संकट सरल्यावर टिकते कीं नाहीं, हें त्यानें सांगावयास हवें होतें.

मुलांना दाखवावा काय ?

दहा-बारा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. रक्त, चावे आणि विद्रूप चेहरे यांचा त्यांत सुकाळ आहे, आणि लहान मुलाच्या मनांत कथा राहात नाहीं, चेहरे राहतात. मोठ्या मुलामुलींनीं तो वडील मंडळींबरोबर बसून पाहावा. एकत्र कुटुंबांत यापासून एक लाभ असा आहे कीं, पाहून झाल्यावर बोलावयास माणसें असतात. मुलाला विचारावें : हा रोग खरोखर असा पसरेल काय ? मग रेबीजबद्दल, कुत्रें चावल्यास जखम साबणपाण्यानें भरपूर धुऊन लगोलग लस टोंचून घेण्याबद्दल त्याला सांगावें. मुलीला विचारावें : आपल्या घरचें पाणी कोठून येतें ? पुष्कळ घरांत या प्रश्नाला मोठ्यांनाहि उत्तर येणार नाहीं. ‘नळांतून’ असें सांगून भागत नाहीं. नळाच्या मागें नदी आहे, नदीच्या मागें धरण आहे आणि धरणाच्या कांठीं माणसें आहेत. त्या माणसांपैकीं कित्येकांच्या दारांत नळ नाहीं.

आळंदीला इंद्रायणीवर गेल्या कांहीं वर्षांत रसायनांचा पांढरा फेंस वारंवार तरंगतांना दिसला आहे, आणि त्याच पाण्यांत वारकरी श्रद्धेनें स्नान करीत आले आहेत. वडिवळ्याजवळ जी नदी आम्ही ओंजळीनें पितों, तीच चाळीस-पन्नास मैल खालीं अशी होऊन जाते. मधल्या वाटेंत कोणा वेताळानें तिला झपाटलेलें नाहीं.

एकंदरीनें ‘झोंबिवली’ हा मोठा चित्रपट नव्हे. शास्त्र त्यानें हलक्या हातानें घेतलें आहे, भयाला हंसण्यावारी नेलें आहे, आणि मृतांसाठीं थांबावयास तो विसरला आहे. पण मराठी माणसाच्या भयाला त्यानें आमच्याच गांवांत, आमच्याच नळाशीं, आमच्याच शेजाऱ्याच्या भिंतीशीं आणून उभें केलें, आणि या वाटेनें जाणारा तो पहिलाच आहे. पहिल्या प्रयत्नाचे दोष दाखवितांना हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. पुढें जो कोणी या वाटेनें येईल त्यानें रंगभूषेचा खर्च थोडा कमी करावा आणि नदीच्या उगमापर्यंत एकदां पायीं चालून जावें. भय कोठें आहे तें त्याला आपोआप दिसेल.